कार्डं ऐंशी टक्के, गरिबी पाच टक्के, मग गावातलं खरं कसं मोजायचं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले, एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्याच्या पदवीच्या) प्रोजेक्टसाठी स्वतःच्याच गावाचा सर्व्हे करायचाय, गावात ४०० घरं, त्यातल्या ३२० घरांकडं बीपीएल कार्ड, आणि पेपरात मात्र आलंय की देशात आता गरीब जेमतेम ५ टक्के उरलेत, नीती आयोगाचा कर्नाटकाचा आकडा साडेसात टक्के. यातलं खरं कुठलं, आणि दारात गेल्यावर उत्पन्न विचारायचं की आणखी काही, असं तुम्ही विचारलंय. मी या भागात वीसेक वर्षं असले सर्व्हे केलेत, आधी फॉर्म भरणारा म्हणून, नंतर टीम सांभाळणारा म्हणून, निपाणी-चिकोडीपासून पार कणकुंबीपर्यंत. त्यामुळं पुस्तकातलं कमी आणि दारात बसून जे दिसतं ते जास्त सांगतो, थोडं लांब होईल.

सगळ्यात आधी एक गाठ सोडवू. गरीब किती आहेत हे मोजणं आणि गरीब कोण आहेत हे निवडणं, ही दोन वेगळी कामं आहेत. पेपरातला ५ टक्के किंवा साडेसात टक्के हा मोजण्याचा आकडा, तो काही हजार-लाख घरांच्या नमुन्यावरनं काढलेला अंदाज असतो, त्यात तुमच्या गावातलं एकही घर कदाचित नसेल आणि असलं तरी त्याचं नाव कुणाला कळत नाही. रेशन कार्ड हे निवडण्याचं काम, तिथं प्रत्येक घराला हो किंवा नाही म्हणावं लागतं. लोक या दोन्हींची तुलना करतात आणि मग कुणीतरी म्हणतं सरकार खोटं बोलतंय, दुसरा म्हणतो गाव खोटं बोलतंय. मला विचाराल तर दोघंही आपापल्या प्रश्नाचं उत्तर देतायत, फक्त प्रश्न वेगळे आहेत.

कार्डाचं आधी सांगतो कारण ते लवकर उरकतं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात ग्रामीण भागात देशपातळीवर ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरी भागात ५० टक्क्यांपर्यंत लोकसंख्येला स्वस्त धान्य द्यायचं ठरलं. म्हणजे कायदाच म्हणतो की खेड्यातल्या चारातल्या तिघांना धान्य मिळू दे. ते चारातले तिघं गरिबीरेषेखाली आहेत असं तो म्हणत नाही. बीपीएल हे नाव जुनं, ते लोकांच्या तोंडात बसलंय म्हणून तेच चालतं. तेव्हा ४०० घरात ३२० कार्डं यात धक्का बसण्यासारखं काही नाही, कायद्याच्या सरासरीपेक्षा थोडी जास्त एवढंच. बाकी कर्नाटकात कार्डासाठी वर्षाला १ लाख २० हजार उत्पन्नाची अट आहे, पण ते उत्पन्न कुणी मोजलेलं नसतं, महसूल खात्याच्या नाडकचेरीतनं दाखला आणलेला असतो, आणि शेतकऱ्याच्या, मजुराच्या घरात वर्षाचं उत्पन्न नेमकं किती हे त्या घरालाच सांगता येत नाही तर दाखल्याला कुठनं कळणार. पाच माणसांच्या घराला १ लाख २० हजार म्हणजे महिन्याला माणशी २,००० रुपये. ही अट खरंच काटेकोर लावली तर गावातली कितीतरी गरजू घरं बाहेर जातील, हे लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

आता मोजण्याकडं. आपल्याकडं गरिबी मोजायची सुरुवात बरीचशी आपल्याच माणसांनी केलीय. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये हिशोब मांडला की माणसाला रोज २,२५० कॅलरी मिळायला किती खर्च लागतो, आणि १९६०-६१ च्या भावानं ग्रामीण भागात महिन्याला माणशी १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये अशी रेषा निघाली. पुढं १९७९ च्या कार्यगटानं खेड्यात २,४०० आणि शहरात २,१०० कॅलरी धरल्या. मग २००९ मध्ये सुरेश तेंडुलकरांच्या समितीनं नुसत्या कॅलरीचा धागा सोडून शिक्षण, औषधपाणी यांचाही खर्च धरला, त्या पद्धतीनं २०११-१२ ला देशाची ग्रामीण रेषा महिन्याला माणशी ८१६ रुपये आणि शहरी १,००० आली, गरीब २१.९ टक्के. २०१४ मध्ये रंगराजन समितीनं ती ९७२ आणि १,४०७ केली तर त्याच वर्षाचे, त्याच देशातले गरीब २९.५ टक्के झाले. सर्व्हेचं वर्ष तेच, घरं तीच, रेषा थोडी वर सरकली आणि कागदावर काही कोटी माणसं गरीब झाली. हे कुणाचं कारस्थान नाही. रेषेच्या आसपास माणसांची दाटी असते, ती तिथं इतकी असते की रेषा बोटभर हलवली तरी आकडा हातभर हलतो.

पेपरातला ५ टक्के हा जागतिक बँकेचा. त्यांनी जून २०२५ मध्ये आपली रेषा रोज माणशी ३ डॉलरवर नेली, त्या रेषेनं भारतात २०२२-२३ ला ५.३ टक्के, २०११-१२ ला २७.१ टक्के होते. हे ३ डॉलर म्हणजे बँकेत मिळणारे अडीचशे रुपये नव्हेत, इथं जवळजवळ सगळेच फसतात. अमेरिकेत ३ डॉलरला जेवढी वस्तू मिळते तेवढी इथं किती रुपयांत मिळते तो हिशोब, तो २०२१ च्या भावानं रोज साधारण साठ-बासष्ट रुपये पडतो. आणि आपल्यासारख्या देशांसाठी त्याच बँकेची ४.२० डॉलरची दुसरी रेषा आहे, ती लावली की त्याच वर्षी भारतात जवळपास २४ टक्के गरीब निघतात. म्हणजे ५ की २४ हे एकाच सर्व्हेतनं येतं. पेपरवाले पहिला आकडा छापतात, तुम्ही प्रोजेक्टमध्ये दोन्ही लिहा.

हे झालं वरचं. आता खाली काय होतं ते एका घरावरनं सांगतो, कारण माझी सगळी समज तिथनं आलीय. घर ओळखू येऊ नये म्हणून आकडे थोडे गोल केलेत. खानापूर-जांबोटी पट्ट्यातलं घर, पाच माणसं, दोन-अडीच एकर भात, बाकी मजुरी. आमचा छोटा अभ्यास होता, २०१२ च्या सुमाराचा. मी पडवीत बसलो, घरमालकाला विचारलं महिन्याला तांदूळ किती लागतो, ते म्हणाले वीस किलो. मी लिहिलं वीस. आत चुलीपाशी मावशी होत्या, त्या तिथनंच म्हणाल्या, "वीस कुठलं ओ, वीस विकत आणत्यात, खातो कितीतरी जास्त." मी आत गेलो, विचारलं रोज किती टाकता. त्यांनी तांदळाच्या डब्यातला एक जुना पत्र्याचा डबा काढला, कडेला दुमडलेला, म्हणाल्या सकाळी हे दोन भरून आणि रात्री दीड. माझ्याकडं पिशवीत छोटा काटा असायचा, तो लावला तर एक डबा ३०० ग्रॅम भरला. साडेतीन डबे म्हणजे रोज १,०५० ग्रॅम, महिन्याला साडेएकतीस किलो. वीसवर जे साडेअकरा किलो निघालं ते घरच्या भाताचं, मळणी करून कणगीत ठेवलेलं, लागेल तसं गिरणीत कांडून आणलेलं. मालकांच्या दृष्टीनं तो खर्चच नव्हता, कारण खिशातनं पैसा गेला नव्हता.

सर्व्हेत घरच्या धान्याचीही किंमत धरावी लागते, शेतावर जो भाव मिळतो त्या भावानं. आम्ही २० रुपये धरले, साडेअकरा गुणिले वीस म्हणजे २३० रुपये, पाच माणसांत वाटले तर माणशी ४६. त्या घराचा महिन्याचा माणशी खर्च आधी ८७० निघत होता, तो ९१६ झाला. आणि त्या वेळी कर्नाटकाची तेंडुलकर पद्धतीची ग्रामीण रेषा होती ९०२. मालकाचं उत्तर घेतलं तर घर गरीब, मावशीचा डबा मोजला तर घर गरीब नाही. घरात काहीच बदललं नाही, चूल तीच, ताटातला भात तोच.

आणखी पुढं ऐका. हेच घर पलीकडं चंदगड तालुक्यात असतं तर? महाराष्ट्राची ग्रामीण रेषा तेव्हा ९६७ होती, कारण रेषा त्या-त्या राज्याच्या भावावर काढतात. चंदगडची माणसं बाजाराला बेळगावलाच येतात, तेल-साखर-कापड त्याच दुकानातनं घेतात, सोयरीक इकडं-तिकडं होते. तरी ९१६ खर्च करणारं घर इकडं रेषेच्या वर आणि तिकडं रेषेखाली. आपल्या सीमाभागात राहणाऱ्या माणसाला हे चटकन कळतं. राज्याची सरासरी राज्यासाठी ठीक असते, पण सीमेवरच्या गावाला ती पूर्ण बसत नाही, तशी ती मुंबई आणि गडचिरोलीला, किंवा बेंगळूर आणि यादगीरलाही एकदम बसत नाहीच. म्हणून रेषेच्या दहा-पंधरा टक्के खालची आणि वरची घरं मी कधीच ठामपणे गरीब किंवा श्रीमंत म्हणत नाही, त्यांचा वेगळा गठ्ठा करतो. तुमच्या रिपोर्टमध्येही तसा करा, मार्गदर्शकांनी विचारलं तर हेच उदाहरण सांगा.

मग उत्पन्न का विचारायचं नाही? विचारू नका असं नाही, पण त्यावर आकडा उभा करू नका. मी सुरुवातीला एका संस्थेसाठी असा सर्व्हे केला होता, फॉर्मवर सरळ प्रश्न, महिन्याचं उत्पन्न किती. अर्ध्या घरांचं उत्पन्न त्यांच्या किराणा बिलापेक्षा कमी आलं. लोक खोटं बोलत होते असं मी तेव्हा मानलं, आता मानत नाही. ऊस लावणाऱ्याला बिल हप्त्यानं येतं आणि त्यातलं किती सोसायटीत वळतं झालं ते वेगळं, काजूचे पैसे एप्रिल-मेमध्ये येतात, गोव्यातनं पोरगा कधी फोन-पेनं पाठवतो कधी गणपतीला हातात आणून देतो, म्हशीचं दूध डेअरीला जातं पण पेंड तिथनंच उधार येते. याला महिन्याचं उत्पन्न म्हणून एक आकडा कसा सांगणार? त्यामानानं खाणं रोजचं असतं, ते आठवतं आणि मोजताही येतं. म्हणून आपल्या देशात नॅशनल सॅम्पल सर्व्हे १९५० पासून मुख्यतः खर्चच विचारत आलाय.

पण खर्च विचारण्यातही किती दिवसांचा विचारता त्यावर उत्तर बदलतं. मागच्या सात दिवसांत तेल किती, असं विचारलं तर माणूस आठवून सांगतो, तीस दिवसांचं विचारलं तर मधलं बरंच गळतं. नव्वदच्या दशकात सॅम्पल सर्व्हेनं हा प्रयोग केला होता, खाण्याच्या वस्तू सात दिवसांच्या विचारल्यावर गरिबांची संख्या जवळजवळ निम्म्यावर येत होती, आणि १९९९-२००० ला एकाच फॉर्मवर सात आणि तीस दोन्ही विचारले तर लोकांनी एका उत्तरावरनं दुसरं उत्तर जुळवलं, त्या वर्षीच्या आकड्यावर अर्थतज्ज्ञ कितीतरी वर्षं भांडत राहिले. २०२२-२३ च्या नव्या सर्व्हेत तर एका घरी तीनदा जातात, खाण्याचं एकदा, बाकी वापराचं एकदा, टिकाऊ वस्तूंचं एकदा. मला हे फार चांगलं वाटतं, कारण अडीच तास एका जागी बसवलं की शेवटची उत्तरं नुसती आपल्याला वाटेला लावण्यासाठी असतात. पण त्याचाच परिणाम म्हणजे २०११-१२ चा आकडा आणि हा आकडा थेट शेजारी ठेवता येत नाही, गरिबी घटल्यातला थोडा भाग मोजमाप सुधारल्यामुळंही असणार. (मधे २०१७-१८ चाही सर्व्हे झाला होता, तो सरकारनं जाहीरच केला नाही, त्यामुळं मधली कडीही नाही.) गरिबी खरोखर घटलेली नाही असं मी म्हणत नाही. माझ्या पहिल्या सर्व्हेत ज्या वस्त्यांवर सायकल लिहायचो तिथं आता मोटरसायकल लिहितो, मुली कॉलेजला बेळगावला जातात, ते डोळ्यांना दिसतं.

एक संदर्भ हाताशी असू द्या. २०२२-२३ ला देशात ग्रामीण भागात महिन्याचा माणशी सरासरी खर्च ३,७७३ रुपये आणि शहरी ६,४५९, कर्नाटकात ४,३९७ आणि ७,६६६, महाराष्ट्रात ४,०१० आणि ६,६५७. ग्रामीण खर्चातला ४६ टक्क्यांच्या वर वाटा खाण्यावर जातो. पण सरासरीवर थांबू नका, देशातल्या ग्रामीण भागातल्या सगळ्यात खालच्या ५ टक्क्यांचा माणशी खर्च १,३७३ होता आणि सगळ्यात वरच्या ५ टक्क्यांचा १०,५०१.

आता नीती आयोगाचा साडेसात टक्के. तो पैशाचा आकडाच नाही. ऑक्सफर्डमधल्या गटानं आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमानं, म्हणजे यूएनडीपीनं, २०१० पासून बहुआयामी गरिबीचा निर्देशांक सुरू केला, आरोग्य, शिक्षण, राहणीमान अशा तीन भागांत कशाकशापासून घर वंचित आहे ते बघायचं आणि एकूण वंचितपण एक तृतीयांश किंवा जास्त झालं की घर गरीब. नीती आयोगानं त्यात बँक खातं आणि मातेचं आरोग्य घालून १२ निकष केले, आकडेवारी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हेची घेतली. त्यांच्या हिशोबानं देशात २०१५-१६ ला २४.८५ टक्के होते ते २०१९-२१ ला १४.९६ झाले, कर्नाटकात ७.५८.

इथं मला दोन घरं आठवतात. एक, जंगलाच्या कडेचा गवळीवाडा, म्हशी आहेत, दूध आहे, घरचं धान्य आहे, खर्चाच्या हिशोबानं घर रेषेच्या बऱ्यापैकी वर. पण घरात कुणीही सहा वर्षं शाळा पुरी केलेली नाही, स्वयंपाक लाकडावर, घर कुडाचं, संडास नाही, पाणी ओढ्याचं. शाळेच्या वर्षांचं वजन एक षष्ठांश, राहणीमानातल्या सात निकषांचं प्रत्येकी एकविसावा भाग, म्हणजे साडेतीन अधिक चार, एकवीसातले साडेसात, एक तृतीयांशाच्या वर गेलं. गरीब. दुसरं घर बेळगावात वडगावच्या बाजूला, विणकरांच्या गल्लीत भाड्याच्या दोन खोल्या, एकटी म्हातारी काकू, नवरा गेलेला, पूर्वी कांडी भरायच्या, आता नजर गेली. गॅस आहे, लाईट आहे, नळ आहे, संडास आहे, बँकेत खातं आहे, सातवी शिकलेल्या. निर्देशांकात वंचितपण शून्य. आणि संध्याकाळी मी गेलो तेव्हा त्या चहात बटर बुडवून जेवण उरकत होत्या, म्हणाल्या रात्रीचं एवढंच. त्या निर्देशांकात बसणारच नाहीत, कारण पोषणाची मापं त्या सर्व्हेत लहान मुलांची आणि साधारण पन्नाशीपर्यंतच्या बायका-पुरुषांची घेतात, म्हाताऱ्या माणसाचं वजन कुणी करत नाही. मला हे फार टोचतं. आपल्या भागात पोरं पुण्या-गोव्याला गेलेली आणि घरात दोन म्हातारी, अशी घरं वाढतायत आणि आपली सगळी मापं अजून मुलाबाळांच्या घरासाठी बनवलेली आहेत.

म्हणजे आतापर्यंतचं थोडक्यात, कार्ड सांगतं धान्य कुणाला द्यायचं ठरलंय, खर्चाची रेषा सांगते खाण्यापिण्याला किती पुरतंय, आणि निर्देशांक सांगतो शाळा-दवाखाना-पाणी घरापर्यंत पोचलंय का. तिन्हीत एकच घर वेगवेगळ्या जागी दिसू शकतं. यातला कार्डांचा सोडला तर कुठलाच आकडा गावाचा नाही, निर्देशांक फारतर जिल्ह्यापर्यंत उतरतो, त्यामुळं साडेसात टक्के म्हणजे आमच्या ४०० त ३० घरं असा गुणाकार करू नका.

विषमतेबद्दल तुम्ही जाता जाता विचारलंय, तर तेही. भारताचा खर्चावरचा जिनी गुणांक जागतिक बँकेच्या हिशोबात २०११-१२ ला २८.८ होता तो २०२२-२३ ला २५.५ झाला, आणि लगेच मथळे आले की भारत जगातल्या समान देशांत. जिनी शून्य म्हणजे सगळ्यांना सारखं, शंभर म्हणजे सगळं एकाकडं. पण हा खर्चाचा आहे. इतर बरेच देश उत्पन्नाचा काढतात आणि उत्पन्नातली दरी नेहमी मोठी असते, कारण श्रीमंत माणूस कमावतो त्यातलं थोडंच खातो, बाकी जमीन, सोनं, शेअरमध्ये जातं. दुसरं म्हणजे श्रीमंत सर्व्हेत सापडत नाही. वाड्यावर, गल्लीत आम्हाला पाणी मिळतं, चहा मिळतो, बसायला चटई मिळते. बंगल्यांच्या कॉलनीत गेटवरनंच उत्तर येतं, साहेब नाहीत, नंतर या, आणि ते नंतर कधी येत नाही. यावर उपाय म्हणून नव्या सर्व्हेत शहरात महागडी गाडी असलेली घरं वेगळी काढून त्यातनं नमुना घेतात, खेड्यात जमिनीवरनं, पण दार उघडलंच नाही तर नमुना काय करणार. गावात विषमता बघायची तर जमीन बघा, तेही सातबारावर, ज्याला आपल्याकडं आता उतारा म्हणजे पहाणी म्हणतात, आणि विहीर-बोअर कुणाची ते बघा. आणि घरातल्या घरात कोण शेवटी जेवतं तेही. आपण घराचा खर्च माणसांनी भागतो आणि धरून चालतो की सगळ्यांना सारखं मिळालं. तसं नसतं, हे तुमच्या-माझ्या घरातल्या बायकांना विचारा.

बरं, आता तुमचा सर्व्हे. हे सगळं तुमच्याकडं किती दिवस आहेत आणि किती माणसं आहेत यावर आहे. एकटेच असाल आणि दोन महिने असतील तर ४०० घरांचा पूर्ण खर्चाचा फॉर्म भरायच्या नादाला लागू नका, होणार नाही आणि शेवटची दोनशे घरं तुम्ही घाईत कराल. ४०० घरांची एक पानी यादी करा, माणसं किती, घर कसलं, जमीन किती, बाहेरगावी कोण, कार्ड कुठलं. मग त्यातनं ४०-५० घरं चिठ्ठ्या टाकून काढा, प्रत्येक वाडी-गल्लीतनं येतील अशी, आणि तिथं खर्च नीट विचारा. ओळखीची, बोलकी, रस्त्यालगतची घरं निवडू नका, पावसाळ्यात तर हा मोह फार होतो, जी घरं चिखलापलीकडं असतात तीच नेमकी सुटतात.

माणसं मोजताना जपून. एका चुलीवर जेवतात ते एक घर. गोव्यात नऊ महिने असणारा मुलगा त्यात धरायचा नाही, सर्व्हेचा नियम सहा महिन्यांचा आहे. त्यानं पाठवलेल्या पैशातनं घरानं खाल्लं ते खर्चात आपोआप येतं. त्याला माणसांत धरलंत तर भागाकार चुकेल आणि घर आहे त्याहून गरीब दिसेल. खाण्याचं घरच्या बाईलाच विचारा, मालक पडवीत बसून उत्तरं द्यायला लागले तर नमस्कार करून आत बघू का म्हणून विचारा, बरोबर एखादी मुलगी असली तर उत्तम. पायली, शेर, मापटं असं सांगितलं तर तसंच लिहून घ्या आणि ते माप काट्यावर घाला, दोन घरांची मापटी सारखी नसतात. रेशनचा फुकट तांदूळ वेगळ्या रकान्यात लिहा आणि बाजारभावानं त्याची किंमत वेगळी धरा, म्हणजे तो धरून आणि न धरता असे दोन आकडे देता येतील. गृहलक्ष्मीचे, म्हणजे कर्नाटक सरकार घरातल्या बाईला महिन्याला देतं ते २,००० आले का आणि ते कशाला गेले हेही विचारा, पण हे पैसे खर्चात पुन्हा मिळवू नका, त्यातनं घेतलेलं तेल-साबण आधीच लिहिलेलं असतं, नाहीतर दोनदा मोजाल.

जमलं तर दोनदा जा. एकदा सुगी झाल्यावर आणि एकदा श्रावण-भाद्रपदात, लावणी-भांगलण संपून हाताला काम नसतं तेव्हा. मार्चमध्ये घर दिसतं ते वेगळं, ऑगस्टमध्ये वेगळं, दुकानदाराची उधारीची वही तेव्हाच फुगते. एकदाच जाणं शक्य असेल तर कुठल्या महिन्यात गेलात ते रिपोर्टच्या पहिल्या पानावर लिहा.

आणि सुरुवात कुठनं करायची म्हणाल तर ज्या ३२० कडं कार्ड आहे तिथनं नको. उरलेल्या ८० घरांत आधी जा. त्यात मास्तर, पेन्शनवाले फौजी, दुकानदार, मोठी बागायत असलेले भेटतीलच. पण माझ्या अनुभवात त्या यादीच्या तळाशी पाच-दहा घरं अशी असतात की ज्यांना कार्ड सगळ्यात आधी मिळायला हवं होतं. नवऱ्यानं सोडलेली बाई, जिचं नाव अजून सासरच्या कार्डात आहे. विटभट्टीवर, भांगलणीला बाहेरनं येऊन राहिलेलं कुटुंब. अंगठा मशीनवर उठत नाही म्हणून फेऱ्या मारून कंटाळलेला म्हातारा. फॉर्म कन्नडमध्ये, भरून द्यायला कुणी नाही म्हणून राहून गेलेली मावशी. सरसकट कार्डं रद्द करण्याची चर्चा निघाली की सगळे कार्ड घेऊन बसलेल्या सुखवस्तू पन्नास घरांबद्दल बोलतात, या पाच-दहांबद्दल कुणी बोलत नाही, आणि माझ्या मते फुकट तांदूळ घेणाऱ्या सुखी घरापेक्षा न मिळालेलं उपाशी घर ही कितीतरी मोठी चूक आहे. त्यांची नावं रिपोर्टमध्ये छापू नका, पण वेगळ्या कागदावर लिहून, त्यांना विचारून, पंचायतीत पीडीओंकडं, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांकडं, स्वतः घेऊन जा. अर्जाला कुठले कागद लागतात ते अडलं तर मला विचारा, त्या वडगावच्या काकूंचा अर्ज मीच भरला होता, त्यात काय काय अडतं ते मला माहीत आहे.